हुईमिन जिए (शीआन)

हुईमिन जिए हा चीनच्या शाआन्शी प्रांताची राजधानी शीआन येथील जुना, गजबजलेला आणि खाद्यपदार्थांसाठी विख्यात असलेला भाग आहे. ‘हुई लोकांचा रस्ता’ असा या नावाचा शब्दशः अर्थ होतो. मिंगकालीन तटबंदीच्या आत, नगारा मनोऱ्याच्या उत्तरेस व पश्चिमेस असलेल्या अनेक गल्ल्यांचा यात समावेश होतो. हुई हा चिनी भाषा बोलणारा मुस्लिम समाज येथे अनेक शतकांपासून वस्ती करून आहे. गव्हाचे पदार्थ, मेंढीचे व गाईबैलाचे मांस, तीळ, मिरी, जिरे आणि सुका मेवा ही येथील पाककृतींची ठळक वैशिष्ट्ये होत. शीआनला भेट देणारे बहुतेक पर्यटक या भागात येऊन जेवतात. मात्र ज्या रहिवाशांनी ही खाद्यपरंपरा जपली, त्यांची वस्ती आणि पर्यटकांची बाजारपेठ यांतील ताण हा या भागाचा आजचा महत्त्वाचा प्रश्न आहे.

नाव

‘हुईमिन जिए’ हे कोणत्याही एका रस्त्याचे नाव नसून संपूर्ण वस्तीचे लोकप्रिय नाव आहे. पर्यटक ज्या रस्त्याला या नावाने ओळखतात, त्याचे खरे नाव बेइयुआनमेन असे आहे. स्थानिक लोक आपल्या वस्तीला ‘फांगशांग’ किंवा ‘हुईफांग’ म्हणतात. ‘फांग’ म्हणजे मोहल्ला. येथील हुई मोहल्ल्यांचे वर्णन परंपरेने ‘सात मशिदी, तेरा मोहल्ले’ असे केले जाते.

गल्ल्यांच्या नावांतून जुने व्यवसाय व संस्था यांची ओळख पटते. शीयांगशी म्हणजे पश्चिमेकडील मेंढीबाजार आणि दापीयुआन म्हणजे चामड्याचे मोठे आवार. बेइयुआनमेन या नावाचा अर्थ ‘उत्तरेकडील वाड्याचे द्वार’ असा असून चिंग काळात येथे असलेल्या प्रांताधिकाऱ्याच्या कचेरीवरून ते पडले. इ.स. १९०० मध्ये परकीय फौजांनी बीजिंग ताब्यात घेतल्यावर राजमाता त्सी-शी आणि सम्राट ग्वांगशू यांनी शीआनला आश्रय घेतला, तेव्हा त्यांचा मुक्काम याच वाड्यात होता.

स्थान

शीआनच्या जुन्या शहराभोवती मिंग काळात बांधलेली तटबंदी आजही उभी असून तिचा परीघ सुमारे १४ किलोमीटर आहे. तटबंदीच्या आतील चार मुख्य रस्ते जेथे एकत्र येतात, तेथे घंटा मनोरा आहे. हा मनोरा इ.स. १३८४ मध्ये बांधला गेला आणि १५८२ मध्ये सध्याच्या जागी हलवण्यात आला. त्याच्या पश्चिमेस थोड्याच अंतरावर इ.स. १३८० मध्ये बांधलेला नगारा मनोरा आहे. या मनोऱ्याच्या कमानीखालून उत्तरेकडे गेल्यावर बेइयुआनमेन रस्ता सुरू होतो. सुमारे अर्धा किलोमीटर लांबीचा हा रस्ता दगडी फरसबंदीचा असून त्याच्या दोन्ही बाजूंना खाद्यपदार्थांची दुकाने आहेत. शीयांगशी, दापीयुआन, हुआजुए गल्ली आणि वस्तीच्या पश्चिम टोकाकडील साजिनचियाओ हे या भागातील अन्य महत्त्वाचे रस्ते होत. घंटा मनोऱ्याजवळील मेट्रो स्थानक हे येथे पोहोचण्याचे सर्वांत सोयीचे स्थानक आहे.

इतिहास

शीआनचे जुने नाव छांगआन. मिंग राजवटीत इ.स. १३६९ मध्ये शहराला शीआन हे नाव मिळाले. तांग काळात (इ.स. ६१८–९०७) छांगआन ही साम्राज्याची राजधानी आणि रेशीम मार्गाच्या पूर्वेकडील टोकाचे शहर होते. पुलकेशी दुसरा याच्या काळातील महाराष्ट्राचे वर्णन लिहून ठेवणारा बौद्ध भिक्षू युआन श्वांग (ह्युएन त्संग) भारतातून इ.स. ६४५ मध्ये याच शहरात परतला होता. त्या काळी इराणी, सोग्दियन आणि अरब व्यापारी प्रामुख्याने शहराच्या पश्चिम बाजारपेठेच्या परिसरात राहत असत.

हुआजुए गल्लीतील मोठी मशीद परंपरेने इ.स. ७४२ मधील मानली जाते. तथापि, ज्या शिलालेखाच्या आधारे हे वर्ष सांगितले जाते, त्याचा काळ वादग्रस्त आहे. मशिदीची सध्याची रचना प्रामुख्याने मिंग काळातील असून तिचा प्रारंभ इ.स. १३९२ पासून धरला जातो. चौकामागून चौक, उतरती कौलारू छपरे आणि लाकडी कोरीवकाम यांमुळे ही वास्तू प्रथमदर्शनी चिनी मंदिरासारखी भासते. इ.स. १९८८ मध्ये तिला राष्ट्रीय संरक्षित स्मारकाचा दर्जा देण्यात आला.

इ.स. १८६२ मध्ये शाआन्शीत हुई समाजाचा मोठा उठाव झाला. त्यानंतरच्या संघर्षात प्रांताच्या ग्रामीण भागातील हुई लोकसंख्या मोठ्या प्रमाणावर मारली गेली किंवा पश्चिमेकडे विस्थापित झाली. यांपैकी काहींचे वंशज आज किर्गिझस्तान व कझाकस्तानमध्ये ‘डुंगन’ या नावाने ओळखले जातात. शीआनच्या तटबंदीच्या आतील हुई वस्ती मात्र टिकून राहिली. त्यामुळे शाआन्शीतील हुई समाजाची जुनी खाद्यपरंपरा आज प्रामुख्याने या काही गल्ल्यांतच सलगपणे आढळते.

सांस्कृतिक क्रांतीच्या काळात (१९६६–१९७६) मशिदी बंद करण्यात आल्या आणि खाजगी व्यापारही थांबला. इ.स. १९७८ नंतरच्या आर्थिक सुधारणांमुळे लहान व्यवसायांना पुन्हा वाव मिळाला. अनेक कुटुंबांनी घराच्या पुढच्या खोलीत खाणावळी उघडल्या किंवा रस्त्यावर गाडे लावले. आजच्या बाजारपेठेची उभारणी या घरगुती व्यवसायांतून झाली.

चिंगझेनची संकल्पना

हुई समाजाच्या आहारनियमांना ‘चिंगझेन’ म्हणतात. ‘शुद्ध आणि सत्य’ असा या शब्दाचा अर्थ आहे. व्यवहारात तो ‘हलाल’ या अर्थाने वापरला जातो. परंतु त्याची व्याप्ती केवळ मांसापुरती मर्यादित नाही. भांडी, तेल, स्वयंपाक करणारी व्यक्ती आणि जागेची स्वच्छता यांचाही त्यात विचार होतो. या भागातील खाणावळींत डुकराचे मांस शिजवले जात नाही आणि बहुसंख्य ठिकाणी मद्यही मिळत नाही.

मानववंशशास्त्रज्ञ मॅरिस बॉइड गिलेट यांनी १९९० च्या दशकात या वस्तीत संशोधन केले. त्यावर आधारित ‘बिटवीन मक्का अँड बीजिंग’ हा त्यांचा ग्रंथ इ.स. २००० मध्ये प्रसिद्ध झाला. अनेक रहिवासी हान चिनी लोकांच्या घरी काही खात-पीत नसत, असे त्यांनी नोंदवले आहे. याउलट, कारखान्यात तयार झालेले पाश्चात्त्य धर्तीचे खाऊ मुलांना देण्यास पालकांची फारशी हरकत नसे, कारण त्या पदार्थांचा हान स्वयंपाकघराशी संबंध जोडला जात नसे. म्हणजेच कोठे खायचे आणि कोठे नाही, हा येथे केवळ चवीचा प्रश्न नसून समाजाच्या ओळखीचा प्रश्न आहे.

प्रमुख खाद्यपदार्थ

पाओमो

यांगरोऊ पाओमो (मेंढीच्या मांसाचा) आणि निउरोऊ पाओमो (गोमांसाचा) हे शीआनचे सर्वांत प्रसिद्ध पदार्थ होत. ‘मो’ म्हणजे अर्धवट आंबवलेल्या कणकेची जाड, घट्ट भाकरी. ग्राहकासमोर रिकामा वाडगा व भाकरी ठेवली जाते आणि तिचे हरभऱ्याच्या दाण्याहूनही लहान तुकडे ग्राहकाने स्वतःच्या हातांनी करावेत, अशी रीत आहे. या कामाला बराच वेळ लागत असल्याने ते गप्पा मारत केले जाते. तुकडे मोठे राहिल्यास रस्सा आतपर्यंत मुरत नाही. त्यानंतर वाडगा खुणेच्या बिल्ल्यासह स्वयंपाकघरात जातो. तेथे दीर्घकाळ उकळलेल्या हाडांच्या रश्श्यात ते तुकडे, मांसाचे काप आणि पारदर्शक शेवया एकत्र शिजवल्या जातात. सोबत साखर-व्हिनेगरमध्ये मुरवलेला लसूण, मिरचीची चटणी आणि कोथिंबीर दिली जाते.

रश्श्याच्या प्रमाणानुसार याचे चार प्रकार मानले जातात :

• कोरडा : शिजल्यावर रस्सा शिल्लक राहत नाही.
• ‘कोऊतांग’ : शेवटी एक घोट रस्सा उरतो.
• ‘श्वेइवेइचेंग’ (पाण्याने वेढलेले शहर) : मध्ये भाकरीचा ढीग व भोवती भरपूर रस्सा असतो.
• ‘दानझोऊ’ : भाकरी व रस्सा वेगवेगळे वाढले जातात.

वाडग्यातील पदार्थ न ढवळता एका कडेने खात जाण्याचा संकेत आहे, जेणेकरून तो शेवटपर्यंत गरम राहतो. सोंग राजवटीचा संस्थापक झाओ क्वांगयिन याने गरिबीच्या दिवसांत शिळी भाकरी रश्श्यात बुडवून खाल्ली, अशी या पदार्थाच्या उगमाची आख्यायिका सांगितली जाते. पाओमो बनवण्याच्या पारंपरिक कौशल्याचा समावेश इ.स. २००८ मध्ये चीनच्या राष्ट्रीय अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत करण्यात आला. व्हिनेगर, टोमॅटो व मिरची घालून परतलेला ‘श्याओचाओ’ हा आंबट-तिखट प्रकारही स्थानिकांमध्ये लोकप्रिय आहे.

रोऊजियामो

भाजलेल्या गोल भाकरीत बारीक चिरलेले मांस भरून हा पदार्थ तयार होतो. शीआनच्या इतर भागांत त्यासाठी मसाल्यात शिजवलेले डुकराचे मांस वापरतात. हुई वस्तीत मात्र खारवून शिजवलेले गोमांस किंवा मेंढीचे मांस भरले जाते. एकाच शहरात एकाच नावाचे दोन पदार्थ आढळण्याचे कारण चिंगझेनच्या नियमांत आहे.

हुलातांग

हा येथील सकाळचा न्याहारीचा पदार्थ आहे. गोमांसाचे लहान गोळे, बटाटा, कोबी व गाजर घातलेल्या या दाट सारात भाकरीचे तुकडे टाकून तो खाल्ला जातो. त्याचा तिखटपणा मुख्यतः मिरीचा असतो. ‘हु’ हा शब्द प्राचीन चिनी भाषेत पश्चिम व उत्तरेकडील परकीयांसाठी वापरला जाई. मिरी (हुजियाओ) व अक्रोड (हुताओ) या बाहेरून आलेल्या पदार्थांच्या नावांत तो आढळतो. नवव्या शतकातील ‘योउयांग झाझू’ या चिनी ग्रंथात मिरी मगध देशात होते असे म्हटले असून तेथील लोक तिला कोणत्या नावाने ओळखतात, तेही दिले आहे. हे नाव संस्कृत ‘मरीच’ या शब्दाचे चिनी लिप्यंतर आहे. मराठीतील ‘मिरी’ हा शब्दही याच मूळ शब्दाशी जोडला जातो.

बियांगबियांग नूडल्स

पट्ट्याइतक्या रुंद व लांब अशा या नूडल्स हाताने ताणून, ओट्यावर आपटून तयार करतात. वरून मिरचीपूड, लसूण व व्हिनेगर घालून त्यावर कडकडीत तेल ओतले जाते. हा केवळ हुई समाजाचा नव्हे, तर संपूर्ण ग्वानझोंग मैदानाचा पदार्थ आहे. त्याचे नाव लिहिण्यासाठी पन्नासहून अधिक रेघांचे चिन्ह वापरले जाते. प्रमाण शब्दकोशांत नसलेल्या या चिन्हाला इ.स. २०२० मध्ये युनिकोडच्या १३.० आवृत्तीत स्थान मिळाले.

लियांगपी

गव्हाच्या पिठातील स्टार्चपासून वाफवलेल्या चकत्या कापून तयार केलेल्या या थंड पट्ट्या आहेत. हुई पद्धतीत त्यावर दाट तिळाची पेस्ट, मिरचीचे तेल, व्हिनेगर आणि काकडीचे काप घालतात. उन्हाळ्यात या पदार्थाला विशेष मागणी असते.

ग्वांतांग बाओझी

पातळ पारीत गोमांस किंवा मेंढीचे मांस आणि गोठवलेला रस्सा भरून हे मोदकासारखे चुण्या घातलेले उंडे वाफवले जातात. वाफेवर रस्सा वितळतो. त्यामुळे प्रथम लहानसा घास घेऊन आतील रस्सा पिणे व नंतर उरलेला भाग खाणे अशी पद्धत आहे. सोबत अनेकदा आठ जिन्नसांची गोड खीर घेतली जाते.

गोड पदार्थ व पेये

झेंगगाओ हा चिकट तांदूळ, खजुरासारखी दिसणारी चिनी बोरे आणि राजमा यांचे थर मोठ्या भांड्यात अनेक तास वाफवून केलेला पदार्थ आहे. तो प्रामुख्याने सकाळी विकला जातो. मातीच्या सैनिकांसाठी प्रसिद्ध असलेल्या लिनतोंग भागातील लालभडक पर्सिमन फळांचा गर पिठात मळून, आत साखर, अक्रोड किंवा डाळीचे सारण भरून तळलेल्या टिक्क्यांना ‘शीझीबिंग’ म्हणतात. ‘जिंगगाओ’ ही काडीवर लावलेली, वाफवलेल्या तांदळाची लहान वडी असून तिला साखर व तीळ लावतात. मुगाच्या वड्या आणि मोठ्या लाकडी हातोड्यांनी कुटून केलेली शेंगदाण्याची चिक्कीही येथे मिळते. धुरावर सुकवलेल्या आलुबुखारसदृश फळापासून केलेले ‘स्वानमेइतांग’ हे आंबटगोड पेय तेलकट मांसाहारासोबत घेतले जाते.

प्रसिद्ध उपाहारगृहे

लाओ सुन जिया (स्थापना इ.स. १८९८) आणि तोंगशेंगशियांग (स्थापना इ.स. १९२०) ही पाओमोची सर्वांत जुनी व नामांकित उपाहारगृहे होत. तोंगशेंगशियांग घंटा व नगारा मनोऱ्यांमधील चौकालगत आहे. शीयांगशी गल्लीतील ‘लाओ मी जिया’ हे तुलनेने लहान, पण स्थानिकांमध्ये परिचित असलेले पाओमोचे ठिकाण आहे. बेइयुआनमेन रस्त्यावरील ‘जिया सान’ ग्वांतांग बाओझीसाठी ओळखले जाते. दापीयुआन गल्लीत वाफवलेल्या कुरकुरीत गोमांसासाठी ‘दिंग जिया’ व तिळाच्या लियांगपीसाठी ‘शेंग झीवांग’ ही दुकाने प्रसिद्ध आहेत. अनेक दुकानांच्या नावांत कुटुंबाचे आडनाव येते. ‘मा’, ‘मी’, ‘जिया’, ‘दिंग’ ही त्यांतील परिचित आडनावे असून एका दुकानाने बहुधा एकाच पदार्थात प्रावीण्य मिळवलेले असते. त्यामुळे एकाच ठिकाणी पूर्ण जेवण करण्याऐवजी दोन-तीन दुकानांत थोडे थोडे खाण्याची पद्धत येथे रूढ आहे.

दैनंदिन क्रम

वस्तीचे दिवसभराचे चित्र वेळेनुसार बदलते. पहाटे साजिनचियाओ व दापीयुआन भागांत हुलातांग व झेंगगाओ यांची विक्री होते आणि ग्राहक मुख्यतः रहिवासी असतात. दुपारी पाओमोच्या खाणावळी भरतात. संध्याकाळनंतर बेइयुआनमेन रस्त्यावर दिवे लागतात, कबाबाच्या शेगड्या पेटतात आणि गर्दी शिगेला पोहोचते. १ मे आणि १ ऑक्टोबरच्या राष्ट्रीय सुट्ट्यांत येथे चालणेही कठीण होते. शुक्रवारच्या दुपारच्या नमाजाच्या वेळी आणि रमजान महिन्यात काही दुकानांच्या वेळा बदलतात. बहुतेक दुकानांत मोबाइलवरून पैसे दिले जातात.

शाकाहारी व्यक्तींसाठी लियांगपी, झेंगगाओ, मुगाच्या वड्या आणि तेल ओतलेल्या साध्या नूडल्स हे पर्याय उपलब्ध आहेत. तथापि, सार व रस्से प्रायः हाडांपासून केलेले असतात.

पर्यटन आणि वस्तीचे भवितव्य

१९९० च्या दशकापासून बेइयुआनमेन रस्ता पर्यटनाच्या दृष्टीने विकसित करण्यात आला. याच काळात नॉर्वेच्या सहकार्याने या परिसरातील जुन्या वाड्यांच्या जतनाचा प्रकल्प राबवला गेला. हुआजुए गल्लीतील १२५ क्रमांकाच्या घराच्या जीर्णोद्धाराला इ.स. २००२ मध्ये युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कारांत गौरवण्यात आले.

पर्यटनामुळे अनेक कुटुंबांना उत्पन्नाचे साधन मिळाले. त्याचबरोबर मुख्य रस्त्यावरील दुकानांचे स्वरूपही बदलले. काड्यांवर भाजलेले माकूळ, रंगीत पेये आणि चीनच्या इतर शहरांतील पर्यटन-रस्त्यांवरही दिसणारे पदार्थ येथे मोठ्या प्रमाणात विकले जाऊ लागले. ‘मुख्य रस्त्यावर पाहुणे खातात, आतल्या गल्ल्यांत शीआनकर खातात’ अशा आशयाचा सल्ला स्थानिक लोक बाहेरून आलेल्यांना देतात. जुने पदार्थ टिकून आहेत ते प्रामुख्याने दापीयुआन, साजिनचियाओ यांसारख्या गल्ल्यांत, जेथे दुकानदार दररोज येणाऱ्या शेजाऱ्यांवर अवलंबून असतो.

या गल्ल्यांतील जीवनक्रम मशिदीभोवती बांधलेला आहे. ‘मशिदीला वेढून राहणे’ हे हुई वस्त्यांचे पारंपरिक सूत्र मानले जाते. दिवसातून पाच वेळा नमाजास जाणे, चिंगझेन मांस मिळणे, लग्न व अंत्यविधी मोहल्ल्यातच होणे हे सर्व मशिदीजवळच्या घरावर अवलंबून असते. म्हणूनच रस्तारुंदी व पुनर्विकासाच्या योजना पुढे आल्या, तेव्हा शहराच्या कडेला नवीन सदनिका स्वीकारून स्थलांतर करण्यास अनेक रहिवाशांनी विरोध केला. दुसरीकडे, दाटीवाटीची घरे, आगीचा धोका, अपुरी मलनिस्सारण व्यवस्था आणि पर्यटकांच्या गर्दीचा त्रास या तक्रारीही रहिवाशांच्याच आहेत. त्यामुळे ‘जतन की सुधारणा’ असा सरळ पर्याय येथे लागू पडत नाही.

खाद्यसंस्कृतीच्या दृष्टीने या प्रश्नाचे महत्त्व असे की, पाओमोची पाककृती लिहून ठेवता येते आणि तिला वारशाचा दर्जाही देता येतो. परंतु सकाळी नमाज आटोपून हुलातांग घेणारा आणि चव बिघडल्यास लगेच बोलून दाखवणारा ग्राहक त्याच गल्लीत राहत असेल, तरच तिची गुणवत्ता टिकते. वस्ती विखुरल्यास पदार्थांची नावे व दुकानांच्या पाट्या राहतील, परंतु त्यांचा कस पाहणारा समाज तेथे उरणार नाही. हुईमिन जिएच्या संवर्धनाच्या चर्चेत त्यामुळे इमारती आणि पाककृतींबरोबरच रहिवाशांच्या वास्तव्याचा मुद्दाही मध्यवर्ती मानला जातो.